‘लक्ष नाही’ हा शेरा मारण्याआधी

महोदय,

घरात मृत्यू, मारहाण किंवा अत्याचार सोसलेले मूल वर्गात रडतेच असे नाही. टेबलावर डस्टर आपटला की ते दचकते, खांदे कानाशी जातात आणि सातचा पाढाही आठवेनासा होतो. शिक्षक तोच प्रश्न चढ्या आवाजात विचारतात. मूल आणखी गोठते. प्रगतिपुस्तकात शेरा पडतो, ‘लक्ष नाही’. त्याचे लक्ष दारावर आणि आवाजांवर खिळलेले असते. धास्तावलेल्या मुलाला त्या क्षणी शब्द सापडत नाहीत.

अशा वेळी प्रश्न तिथेच सोडावा. समोर उभे न राहता बाजूला, हातभर अंतरावर, त्याच्या उंचीला बसावे. हळू आवाजात एकच वाक्य : ‘तू वर्गात आहेस, मी इथेच आहे.’ पाठीवरून हात फिरवण्याचा मोह आवरावा. विचारल्याशिवाय स्पर्श नको. घोटभर पाणी, दोन-तीन मिनिटे, मग एखादे सोपे काम. परिपाठात डोळे मिटून ध्यान घेतात. हेतू चांगला, पण डोळे मिटले की काही मुलांना नेमके नको तेच दिसते. त्यांना डोळे उघडे ठेवून तळपाय जमिनीवर दाबू द्यावेत, भिंतीवरच्या पाच वस्तू मोजू द्याव्यात. बसायची जागा भिंतीलगत, दार दिसेल अशी. वेळापत्रकातला बदल आदल्या दिवशी सांगावा.

घरी वेगळीच तऱ्हा. वडील गेले की दहाव्याला आलेले पाहुणे ‘आता तूच घरातला कर्ता’ असे सांगून जातात. आठ वर्षांच्या पोराला! ‘बाबा गावाला गेलेत’ हे त्याहून वाईट. पुढे कुणीही पिशवी भरली की त्याच्या पोटात गोळा येतो. ‘बाबा वारले, ते परत येणार नाहीत, हे तुझ्यामुळे झालेले नाही,’ असे स्पष्ट सांगावे. अंथरूण ओले होत असेल तर चादरीखाली रेक्झिन घालावे आणि चादर गुपचूप बदलावी.

मुलाने लैंगिक अत्याचाराबद्दल सांगितले तर खोदून विचारू नये, ‘कुणाला सांगणार नाही’ असे वचनही देऊ नये. त्याचेच शब्द तारखेसह लिहून ठेवावेत. मुलांना अशा अत्याचारापासून संरक्षण देणाऱ्या पोक्सो कायदा, २०१२ च्या कलम १९ नुसार पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे. आरोपी शाळेचाच कर्मचारी असताना संस्थाप्रमुखाने ते कळवले नाही, तर कलम २१ प्रमाणे एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. १०९८ ही मुलांसाठीची हेल्पलाइन मोफत आहे. मुलाचा जबाब त्याच्या घरी घेता येतो, पोलिसांनी गणवेशात येऊ नये आणि मुलाला रात्री ठाण्यात ठेवू नये, असे कलम २४ सांगते. पालकांना हे सहसा ठाऊक नसते. ते शाळेने त्याच दिवशी सांगावे.

— एक शालेय समुपदेशक, सोलापूर