डायव्हिंगच्या मुक्कामी बोटी : रात्रीच्या सुरक्षिततेचे उत्तर लेखी हवे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मालदीव, थायलंड किंवा इजिप्तच्या तांबड्या समुद्रात आठवडाभर बोटीवरच मुक्काम करून स्कूबा डायव्हिंग करण्याच्या, म्हणजेच ‘लिव्हअबोर्ड’ सहली आता ठाणे व नवी मुंबईतील सहल कंपन्याही विकतात. त्यांच्या माहितीपत्रकांत दिवसाला किती डाइव्ह, केबिन वातानुकूलित आहे का, कोणते मासे दिसतील, हे सारे असते. मध्यरात्री आग लागली तर केबिनमधून बाहेर कसे पडायचे, याबद्दल मात्र ओळही नसते. मी स्वतः डायव्हिंग करते आणि माझ्या मते बोट निवडताना पहिला प्रश्न हाच असायला हवा.

2 सप्टेंबर 2019 च्या पहाटे कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्याजवळ नांगरलेली ‘कन्सेप्शन’ ही बोट जळाली आणि खालच्या डेकवर झोपलेले सर्व 34 जण मृत्युमुखी पडले. पाण्याखालच्या धोक्याशी या मृत्यूंचा काही संबंध नव्हता. रात्री पहारा देणारे कोणी नव्हते, सगळे कर्मचारी झोपले होते. शयनकक्षातून बाहेर पडण्याचे दोन मार्ग होते खरे, पण जिना आणि आपत्कालीन झडप दोन्ही वरच्या एकाच दालनात उघडत होती आणि ते दालनच पेटले होते. आगीचे निश्चित कारण सिद्ध झाले नाही. तरीही त्या दालनात रात्रभर बॅटऱ्या चार्ज होत होत्या, ही बाब तपासात पुढे आली. कॅमेरे आणि टॉर्चच्या लिथियम बॅटऱ्या आपण सगळेच सोबत नेतो. त्या कुठे आणि कोणाच्या देखरेखीखाली चार्ज होतात, हे विचारण्याचे भान किती जणांना असते?

सरकारी प्रमाणपत्र दाखवले की विषय संपला, असेही मानता येत नाही. नोव्हेंबर 2024 मध्ये तांबड्या समुद्रात ‘सी स्टोरी’ ही बोट पहाटे काही मिनिटांत उलटली आणि मृत व बेपत्ता मिळून 11 जणांचा बळी गेला. या बोटीची तपासणी त्याच वर्षी मार्चमध्ये झाली होती आणि तिला वर्षभराचे प्रमाणपत्रही मिळाले होते, असे स्थानिक प्रशासनानेच सांगितले. खराब हवामानाचा इशारा असताना ती बंदरातून निघाली होती. तांबड्या समुद्रातील अशा दुर्घटनांनंतर ब्रिटनच्या सागरी अपघात तपास यंत्रणेने 2025 मध्ये पर्यटकांना बोटीची निवड अत्यंत सावधपणे करण्याचा इशारा दिला. बोटीवर नंतर मजला चढवला असेल किंवा लांबी वाढवली असेल, तर तिच्या स्थिरतेची चाचणी पुन्हा झाली का, हा प्रश्न म्हणूनच अगत्याचा ठरतो.

पैसे भरण्यापूर्वी आणखीही काही गोष्टी विचारता येतात : रात्रभर जागता पहारा असतो का, एका केबिनमध्ये धूर झाला तर सर्वत्र घंटा वाजते का, सर्वांना पुरतील इतके जीवरक्षक तराफे आहेत का आणि ते बोट उलटली तरी सुटतील असे बसवले आहेत का, बोटीवर ऑक्सिजन आहे का आणि जवळचे रिकम्प्रेशन चेंबर (डायव्हिंगमुळे शरीरात वायूचे बुडबुडे झाल्यास उपचारासाठी लागणारी उच्च दाबाची खोली) किती दूर आहे. बोटीवर पाऊल ठेवल्यावर, सामान लावण्याआधी, केबिनपासून उघड्या डेकपर्यंतच्या दोन्ही वाटा स्वतः चालून पाहाव्यात. झडपेवर गाद्या किंवा पेट्या रचल्या असतील तर तिथल्या तिथे हटवायला लावाव्यात. त्यात संकोच कसला?

हे प्रश्न परदेशापुरते आहेत असे नव्हे. डिसेंबर 2024 मध्ये गेटवेहून घारापुरीकडे निघालेल्या ‘नीलकमल’ची दुर्घटना, किंवा मे 2022 मध्ये तारकर्लीला डायव्हिंग करून परतणारी बोट उलटून झालेले दोन मृत्यू आपल्याच किनाऱ्यावरचे आहेत. लाइफ जॅकेट मोजून घेण्याची सवय इथेही लागलेली नाही.

म्हणून येथील सहल कंपन्यांना माझी विनंती आहे, की आगाऊ रक्कम घेण्यापूर्वी बोटीचे नाव, बांधणीचे वर्ष, सध्या वैध असलेले प्रमाणपत्र आणि वरील प्रश्नांची उत्तरे ग्राहकाला लेखी द्यावीत. ‘बोट ऐनवेळी ठरेल’ असे सांगणाऱ्या कंपनीला पैसे देऊ नयेत. आपल्या पर्यटन पुरवणीनेही अशा सहलींचा लेख छापताना बोटीची ही माहिती सोबत चौकटीत द्यावी.

— एक डायव्हर वाचक, घोडबंदर रोड, ठाणे