ऑर्लिकची तीन माणसं

प्रिय मीरा,

तुझं पत्र मिळालं. वुडकटची, म्हणजे लाकडी ठोकळे कोरून छापायची, चित्रं तू काढणार आणि ठोकळे मात्र त्या कोरीव काम करणाऱ्या काकांकडून कोरून घेणार, हे वाचून फार बरं वाटलं. पण ‘मग ते चित्र माझं म्हणायचं का?’ या तुझ्या प्रश्नावर मला एमिल ऑर्लिक या चित्रकाराबद्दल लिहायलाच हवं. त्याच्या तीन चित्रांनी मला सध्या झपाटून टाकलंय.

ऑर्लिक प्रागचा, एका शिंप्याचा मुलगा, जन्म १८७० चा. युरोपात तेव्हा जपानी छापचित्रांचं वेड होतं, पण बहुतेक चित्रकारांनी ती पाहिली ती तिथल्याच दुकानांत आणि संग्रहांत. हा मात्र १९०० साली थेट जपानला गेला आणि पुढच्या वर्षी परतला. तोक्योत कानो तोमोनोबू या जुन्या घराण्यातल्या चित्रकाराकडे कुंचल्याचे धडे घेतले, आणि कारागिरांचं कामही जवळून पाहून शिकला. त्या प्रवासातून रिक्षा ओढणारे, आया आणि मुलं, वाटेवरचे यात्रेकरू अशी रोजची माणसं त्याच्या चित्रांत आली. (तोक्योजवळ १८७२ पासून आगगाडी धावत होती, पण मी पाहिलेल्या त्याच्या चित्रांत ती नाही. जुनं जपानच त्याला हवं होतं, ही मला त्याची मर्यादा वाटते.)

पण १९०१ ची ती तीन वुडकट वेगळी आहेत. एकात चित्रकार, दुसऱ्यात कोरणारा, तिसऱ्यात छापणारा. तिघेही आपापल्या कामावर वाकलेले. जुन्या जपानी छापचित्रांवर चित्रकाराची सही असे, बहुधा प्रकाशकाची खूणही असे. कोरणाऱ्याचं आणि छापणाऱ्याचं नाव मात्र क्वचितच. ऑर्लिकनं तिघांनाही एकेक अख्खं चित्र दिलं. कुणी मोठा नाही, कुणी धाकटा नाही.

आणि ते योग्यच आहे. चित्रकार पातळ कागदावर रेखाटन करतो. तो कागद रानचेरीच्या लाकडावर पालथा चिकटवतात आणि कोरणारा त्याच्यासकट लाकूड कोरतो. म्हणजे मूळ रेखाटन तिथंच संपतं! उरते ती कोरणाऱ्याच्या हातून आलेली रेषा. केसांच्या बटा, कपाळावरचे बारीक केस, सगळं त्याच्या सुरीवर. मग प्रत्येक रंगाला निराळा ठोकळा. ठोकळ्यावर कागद टेकवायला खाचा असतात, त्यांना केंतो म्हणतात. तिथं कागद जरा सरकला की रंग रेषेबाहेर गेलाच. छापणारा पाण्यातला रंग आणि थोडी तांदळाची खळ ब्रशनं पसरतो, ओलसर कागद ठेवतो आणि बांबूच्या पापुद्र्यात गुंडाळलेल्या बारेननं, म्हणजे हातात धरायच्या चपट्या गोल गादीनं, घासतो. आकाश वर गडद आणि खाली फिकट होत जातं ना, ते लाकडात कोरलेलं नसतं. प्रत्येक प्रतीला छापणारा ते ब्रशनं नव्यानं आणतो.

याच्या उलट वाटही त्याच काळात निघाली. १९०४ साली यामामोतो कानाए या तरुण जपानी चित्रकारानं एका मच्छीमाराचं चित्र स्वतःच काढलं आणि स्वतःच कोरलं. पुढं त्यातून ‘सोसाकू हांगा’ ही चळवळ उभी राहिली: काढणं, कोरणं, छापणं, सगळं एकाच हातानं. मला ती चित्रं आवडतात, पण म्हणून आधीच्या शेकडो कारागिरांची चित्रं उणी ठरत नाहीत.

तेव्हा चित्र तुझं आहेच, आणि काकांचंही आहे. तू त्यांच्याजवळ बसून एखादा कोपरा तरी स्वतः कोरून पाहा. मग रेखाटताना कुठली रेषा लाकडात टिकेल आणि कुठली तुटेल ते तुला आपोआप कळेल. आणि छापलेल्या प्रतींवर तुझ्या सहीशेजारी त्यांचं नाव येऊ दे, त्यांची हरकत नसेल तर.

लाकूड कुठलं घेतलंयस ते कळव. पहिली कच्ची छाप, डागाळलेली असली तरी, मलाच पाठव.

तुझी,
वैशाली