‘किमान’ पाव टक्का आणि आपल्या इमारती

संपादक महोदय,

सहकारी गृहनिर्माण संस्थांना वार्षिक सर्वसाधारण सभा ३० सप्टेंबरपर्यंत घ्यावी लागते, त्यामुळे सध्या दर रविवारी सकाळी कुठल्या ना कुठल्या गच्चीवर खुर्च्या मांडलेल्या दिसतात. ३३ वर्षे जुन्या, ४ मजली, १६ सदनिकांच्या आमच्या इमारतीचा मी ९ वर्षे खजिनदार होतो. त्या ९ सभांत पार्किंगवर आणि पाणी सोडण्याच्या वेळेवर तासन्‌तास चर्चा झाली. सिंकिंग फंडाचा, म्हणजे इमारतीच्या मोठ्या दुरुस्तीसाठी साठवायच्या निधीचा, विषय मात्र दर वर्षी चहाचे कप फिरू लागल्यावर पाच मिनिटांत उरकला गेला.

आदर्श उपविधींनुसार, म्हणजे गृहनिर्माण संस्थांच्या नमुना नियमावलीनुसार, सदनिकेच्या बांधकाम खर्चाच्या, जमिनीची किंमत वगळून, वर्षाला किमान ०.२५ टक्के रक्कम सिंकिंग फंडासाठी आणि किमान ०.७५ टक्के नेहमीच्या दुरुस्तीसाठी घ्यायची असते. यातला ‘किमान’ हा शब्द बहुतेक ठिकाणी ‘कमाल’ असा वाचला जातो. समजा, त्या काळी एका सदनिकेच्या बांधकामाला ४ लाख रुपये लागले असतील, तर पाव टक्क्याने वर्षाचे १,००० म्हणजे महिन्याचे ८३ रुपये होतात, आणि आजही त्याच ४ लाखांवर तेच ८३ रुपये घेतले जातात. सिमेंट, सळई, परांची आणि गवंड्याची मजुरी यांचे पैसे मात्र आजच्या दराने मोजावे लागतात.

सिंकिंग फंडाची वर्गणी महिन्याला २०० रुपये वाढवण्याचा ठराव मी तीनदा मांडला आणि तो तीनदा नामंजूर झाला. निवृत्तिवेतनावर घर चालवणाऱ्यांची अडचण मला समजते, मीही त्यांच्यातलाच आहे. परंतु दिवाळीपूर्वी बाहेरून रंग देण्यासाठी प्रत्येकी ६,००० रुपये याच सभासदांनी फारशी चर्चा न करता मंजूर केले होते, हेही नोंदवले पाहिजे. रंगामुळे ओल दिसेनाशी होते, थांबत नाही. गच्चीतून झिरपणारे पाणी सळईपर्यंत पोहोचले की सळई गंजते, गंजलेले लोखंड मूळच्यापेक्षा कितीतरी जास्त जागा व्यापते, त्या दाबाने काँक्रीट आतून तडकते आणि पुढच्या पावसाळ्यात त्याच तड्यांतून आणखी पाणी आत शिरते. जिथे वेळेवर केलेल्या वॉटरप्रूफिंगने भागले असते, तिथे मग तुळया आणि खांबांचे जॅकेटिंग, म्हणजे भोवती नव्या काँक्रीटचे कवच, करण्याची पाळी येते.

या चालढकलीचे सर्वांत प्रतिष्ठित कारण म्हणजे पुनर्विकास. ‘आता कशाला खर्च करायचा, इमारत पडणारच आहे’ हे वाक्य मी प्रथम ऐकले तेव्हा आमची इमारत २१ वर्षांची होती. त्यानंतर ३ विकासक येऊन गेले. चटईक्षेत्र, म्हणजे भूखंडावर किती बांधकाम करता येईल ते, रस्त्याच्या रुंदीवर अवलंबून असते आणि आमचा रस्ता अरुंद आहे, त्यामुळे कोणाचेच गणित जमले नाही. दरम्यानची १२ वर्षे आम्ही आजचे मरण उद्यावर ढकलले आणि त्याला दूरदृष्टी म्हटले.

१५ ते ३० वर्षांच्या इमारतीचे दर ५ वर्षांनी आणि त्याहून जुन्या इमारतीचे दर ३ वर्षांनी स्ट्रक्चरल ऑडिट, म्हणजे बांधकामाच्या मजबुतीची तपासणी, करावे, असेही उपविधी सांगतात. तेही टळते, आणि केवळ खर्चामुळे नव्हे. अहवालात काही वाईट निघाले तर सदनिकेचा भाव पडेल, अशी धास्ती विकून बाहेर पडू पाहणाऱ्यांना असते, आणि घर घेणारा पार्किंग व पाण्याची चौकशी करतो, पण ऑडिटचा अहवाल किंवा फंडातील शिल्लक सहसा विचारत नाही.

सहकार विभागाला माझी एक सूचना आहे. मुद्रांक शुल्कासाठी दर वर्षी प्रसिद्ध होणाऱ्या मूल्यदर तक्त्यात बांधकाम खर्चाचा चालू दर दिलेला असतो. सिंकिंग फंडाचा पाव टक्का मूळ खर्चावर न मोजता त्या दरावर मोजण्याचे बंधन उपविधींत घालावे. मग ही वाढ दर वर्षी सभेपुढे मागण्याची आणि दर वर्षी नाकारण्याची सोयच उरणार नाही.

तोवर आमच्या सभेपुढे माझा ठराव चौथ्यांदा येत आहे. या वेळी त्यातला आकडा २०० नसून ५०० आहे.

आपला,
एक माजी खजिनदार, डोंबिवली (पूर्व)