भरतीची तयारी: मैदानासोबत संगणकही हवा

सैन्यभरतीसाठी गावोगावी पहाटे धावणाऱ्या मुलांवरचा आपल्या अंकातील लेख वाचला. त्यातील कौतुक पटले, पण तयारीचे चित्र अर्धेच आले आहे. 2023 पासून अग्निवीर भरतीचा क्रम बदलला. आधी संगणकावरची सामाईक प्रवेश परीक्षा, ती उत्तीर्ण झाला तरच मैदान. 1.6 किलोमीटर साडेपाच मिनिटांत पळणारा मुलगा तासाभराच्या परीक्षेत अडखळला, तर त्याचे पळणे कुणी पाहतसुद्धा नाही.

माझा मुलगा दोन वर्षे तयारी करतो आहे. त्याच्या दुधाची, खुराकाची, बुटांची काळजी आम्ही घरच्यांनी घेतली. पण त्याने माऊस पहिल्यांदा नीट हातात धरला तो परीक्षा केंद्रावरच. चुकीच्या उत्तराला गुण कापले जातात, हेही आम्हाला उशिरा कळले. 2025 पासून ही परीक्षा मराठीतून देता येते, तरी आमच्याकडची कितीतरी मुले अजून हिंदी प्रश्नसंचच घोकत बसतात.

आमच्या शिरोळ तालुक्यात सैनिक टाकळीसारखे, पिढ्यान्‌पिढ्या सैन्यात मुले पाठवणारे गाव आहे. जिल्ह्यात सार्वजनिक ग्रंथालयेही बरीच आहेत. ग्रामपंचायतीने गावच्या ग्रंथालयात संध्याकाळी दोन-चार संगणक आणि मराठी सराव प्रश्नपत्रिका ठेवल्या, तर मैदान सुधारण्याच्या मानाने खर्च किरकोळ येईल. येत्या ग्रामसभेत मी ही मागणी मांडणार आहे. इतर गावांतील पालकांनीही मांडावी.

– एक पालक, ता. शिरोळ, जि. कोल्हापूर