संकर म्हणजे निव्वळ भेसळ नव्हे

महोदय,

रविवार पुरवणीतील मत्स्यबीजावरील लेख वाचला. माशांच्या दोन प्रजातींचा संकर ही भेसळच होय, असा त्याचा सूर आहे. तीसेक वर्षे प्राणिशास्त्र शिकवताना मीही हेच सांगत आलो; आता तसे वाटत नाही, म्हणून हे पत्र.

पूर्व आफ्रिकेतील व्हिक्टोरिया सरोवर सुमारे १५,००० वर्षांपूर्वी कोरडे पडले होते. ते पुन्हा भरल्यानंतर तेथे सिक्लिड कुळातील सुमारे ५०० प्रजाती उदयाला आल्या. नवी उत्परिवर्तने (जनुकांत आपोआप होणारे बदल) घडून ती स्थिरावण्यास हा अवधी फारच तोकडा. मग एवढे वैविध्य आले कोठून? २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जनुकसंचाच्या अभ्यासातून असे दिसले की, या माशांचे पूर्वज दोन वेगळ्या वंशांचे, एक काँगो नदीच्या बाजूचा आणि दुसरा नाईलच्या वरच्या खोऱ्यातला, असून त्यांचा संकर सुमारे दीड लाख वर्षांपूर्वी झाला होता. म्हणजे भांडवल जुनेच होते. सरोवर भरल्यावर त्याची फक्त नवनवी मांडणी होत गेली.

डोळ्यातील एका प्रकाशग्राही प्रथिनाच्या जनुकाचे उदाहरण घ्या. त्याची निरनिराळी रूपे या दोन वंशांकडून आली. एका रूपाचा मासा उथळ पाण्यात चांगले पाहतो, तर दुसऱ्याचा या सरोवराच्या खोल पाण्यात, जिथे तांबूस प्रकाशच काय तो पोहोचतो. पुंडामिलिया या सिक्लिड गटातील दोन प्रजाती पाहा: उथळ पाण्यातल्या प्रजातीचे नर निळसर आणि खालच्या प्रजातीचे लाल असतात. मादी रंग पाहून जोडीदार निवडते आणि दोन्ही प्रजाती वेगळ्या राहतात. प्रयोगशाळेत नारिंगी दिव्याखाली दोन्ही नर सारखेच दिसू लागले, तेव्हा माद्यांनी हा भेद पाळला नाही. सरोवरात जिथे पाणी गढूळ झाले, तिथेही या प्रजाती एकमेकींत मिसळू लागल्या. संकराने ज्या प्रजाती घडल्या, त्याच संकराने पुसल्याही जातात, आणि कोणती दिशा घ्यायची हे बऱ्याच अंशी पाणीच ठरवते.

याचा आधार घेऊन कोणी आपल्या हॅचरींमधील निष्काळजीपणाचे समर्थन करू नये. कटला आणि रोहू यांचे प्रजनक एकाच कुंडात सोडले की संकर होतो, आणि ही संतती वांझ नसते. (वांझ खेचराचे उदाहरण मीही वर्षानुवर्षे फळ्यावर लिहिले, माशांना ते सहसा लागू पडत नाही.) बाजारात कटला म्हणून घेतलेल्या माशाचे डोके लहान आणि अंग मात्र कटल्यासारखे रुंद निघाले, तर शंका घ्यायला जागा आहे. अशा संकराची बोटुकली (बोटाएवढी पिल्ले) नदीत सुटली, तर मूळ रोहू-कटल्याचे वाण शुद्ध राहणे कठीण. लेखकाची ही काळजी रास्तच आहे. माझा आक्षेप फक्त हॅचरीतील कुंडाचा न्याय सरोवराला लावण्यास आहे.

आपला,
एक निवृत्त शिक्षक, सांगली