शिक्षणमंत्र्यांना खुले पत्र : सर्वेक्षण मुलांनाही करू द्या

मा. शालेय शिक्षणमंत्री,
महाराष्ट्र राज्य, यांस

सप्रेम नमस्कार.

सर्वेक्षण म्हटलं की जिल्हा परिषदेच्या शाळेतला शिक्षक कपाळाला हात लावतो. शाळाबाह्य मुलं शोधायची, मतदारयाद्या तपासायच्या, वर आता २०२७ ची जनगणना. अशात मी आणखी सर्वेक्षणं मागतोय हे कळलं तर सहकारी मला गावात फिरू देणार नाहीत! पण मी बोलतोय ते तिसरी-चौथीच्या पोरांनी करायच्या सर्वेक्षणाबद्दल.

गणिताच्या पुस्तकात चित्ररूप माहिती आहे. निपुण भारत अभियानातही (लहान वर्गांत वाचन-गणिताचा पाया पक्का करायची केंद्राची मोहीम) माहितीचं व्यवस्थापन पायाभूत संख्याज्ञानात धरलंय. अडचण अशी की पुस्तकातला तक्ता आयता मिळतो. किती जणांना आंबा आवडतो, किती जणांना केळं, सगळं छापलेलं. पोरं चित्रं मोजतात, उत्तर लिहितात, पान उलटतात. प्रश्न ठरवणं, तो चार जणांना जाऊन विचारणं हे त्यांच्या वाट्याला येतच नाही.

आमच्या शाळेत तिसरी-चौथी एकत्र बसते. एकदा प्रश्न घेतला, ‘घरी प्यायचं पाणी कुठून येतं?’ फळ्यावर नळ, विहीर, हातपंप, टँकर असे रकाने आखले. लगेच एक मुलगी उठली, “गुरुजी, आत्ताचं सांगू का उन्हाळ्यातलं?” तिच्या वाडीवर होळीनंतर टँकर सुरू होतो. तिचं ऐकून दुसरा म्हणाला, “मी चौथीत, हा माझा भाऊ तिसरीत. मग आमच्या खुणा दोन का एक?” झालं, वर्ग पेटला. आपण मुलं मोजतोय की घरं? बरीच हमरीतुमरी झाल्यावर ठरलं, घराला एकच खूण, आणि पावसाळा-उन्हाळा असे दोन वेगळे तक्ते. मग चार उभ्या रेघा, पाचवी त्यांच्यावर आडवी. गठ्ठे मोजताना पाचाचा पाढा न सांगता झाला. उन्हाळ्याच्या तक्त्यात टँकरचा रकाना खाली फळ्याच्या कडेपर्यंत गेला, तो कुणाला समजावून सांगावा लागला नाही.

आता मागणं. यासाठी नवं पुस्तक नको, प्रशिक्षणाचा मोठा घाटही नको. शाळेत उपक्रमांसाठी राखलेला आनंददायी शनिवार आहेच, त्यातले अधूनमधून दोन तास यासाठी मोकळे ठेवा. विषय गावानं आणि वर्गानं ठरवावा. वरून ‘या महिन्याचा प्रश्न’ आला की संपलं. एक पथ्य मात्र परिपत्रकात ठळक घाला : जात, घरची कमाई, वडिलांचं व्यसन असलं काही मुलांनी विचारायचं नाही, आणि तक्त्यावर कुणाचं नाव लिहायचं नाही. पोरं निरागसपणे विचारतात, पण उत्तर देणाऱ्या पोराला ते वर्षभर पुरतं.

आणि कृपा करून याची लिंक पाठवू नका. फोटो अपलोड करा, केंद्रप्रमुखांना अहवाल द्या, असं एकदा सुरू झालं की आम्हीच शाळेत बसून तक्ते भरू. आम्हाला ते चांगलं जमतं.

त्यापेक्षा मुलांच्या तक्त्याचा कागद आधी शाळा व्यवस्थापन समितीपुढे आणि मग ग्रामसभेत जाऊ द्या. दोन मुलांनी तो उभं राहून वाचावा आणि ग्रामपंचायत अधिकाऱ्यांनी (म्हणजे पूर्वीच्या ग्रामसेवकांनी) वाडीच्या पाण्याचं काय ते तिथंच, मुलांकडे बघून सांगावं. ग्रामविकास खात्याशी बोलून एवढी सूचना काढता आली तर बघा.

आपला,
एक प्राथमिक शिक्षक