त्याचं वजन कुणी केलंच नाही

मा. सार्वजनिक आरोग्य मंत्री,
महाराष्ट्र राज्य

सप्रेम नमस्कार.

तालुक्याच्या दवाखान्यात माझ्या मुलाला वजन न करताच बीपीचं औषध दिलं, अशी तक्रार मी केली होती. सोमवारी पोस्टमननं त्यावर आपल्या विभागाचं पत्र आणून दिलं. आठ महिने मी त्याची वाट पाहत होते. आत दीड ओळ : ‘सदर प्रकरणी चौकशी पूर्ण झाली असून तक्रार निकाली काढण्यात येत आहे.’ चौकशी कुणी केली, काय सापडलं, एक अक्षर नाही. मला एकदाही बोलावलं नाही. महिन्याभरात सगळ्या रुग्णालयांना लेखी सूचना जातील, असा शब्द मला समोर बसवून दिला होता. त्याचं काय झालं?

माझा मुलगा नऊ वर्षांचा. पायावर फोड आले, ते बरे झाले, आणि दोन आठवड्यांनी सकाळी उठला तो तोंड सुजलेलं, लघवी कोऱ्या चहासारखी. अशा फोडांनंतर किडनीला सूज येते आणि बीपी भडकतं, हे मला आता पाठ आहे. तेव्हा फक्त त्याचं डोकं ठणकत होतं एवढंच कळत होतं. तालुक्याच्या दवाखान्यात बीपी मोजायला मोठ्या माणसाचाच पट्टा होता, तो त्याच्या दंडाला दोन वेढे बसला. तरी आकडा १७० निघाला. मग एक कॅप्सूल आणली, सुईनं टोचली आणि आतलं पिवळं औषध त्याच्या जिभेखाली पिळलं. सगळंच्या सगळं. निफेडिपीन, बीपी उतरवणारं औषध, १० मिलिग्रॅम.

वजनकाटा दाराशीच होता, साहेब. त्यावर त्याला कुणी उभं केलं नाही. तो २१ किलोचा होता. किलोमागे पाव मिलिग्रॅम या हिशेबानं त्याला पाच पुरले असते. पण त्या कॅप्सूलमधलं औषध अर्धा मिलीसुद्धा भरत नाही. त्यातून निम्मं मोजायचं तर बारीक सिरिंज लागते आणि मोजायला शिकवलेला माणूस लागतो. वीसेक मिनिटांनी तो म्हणाला, “आई, दिसत नाहीये.” हात गार पडला होता. बीपी ८०. नऊ दिवस आयसीयू, दागिने मोडले, सोसायटीचं कर्ज डोक्यावर. डाव्या हातानं त्याला अजून शर्टाची बटणं लागत नाहीत.

हे औषध मुलांना कधीच देऊ नये, असं मी म्हणत नाही. मोजून दिलं तर बहुतेक मुलांना ते सोसतं, असं सांगणारे डॉक्टर मला भेटले आहेत. पण भडकलेलं बीपी एकदम खाली आणलं की मेंदूला रक्त कमी पडतं, म्हणून पहिल्या आठ तासांत ते पाव हिश्श्यापेक्षा जास्त उतरवायचं नाही, असं मुलांच्या डॉक्टरांच्या अमेरिकी संघटनेची २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वं सांगतात. जिभेखालून तर हे औषध फारसं शोषलंही जात नाही, पोटात गेल्यावरच लागू पडतं. मोठ्या माणसांना अशी कॅप्सूल देणं थांबवा, असं डॉक्टरांनी १९९६ मध्ये अमेरिकेतल्या वैद्यकीय नियतकालिकात छापून सांगितलं. हे मी, एक प्राथमिक शिक्षिका, रात्री जागून वाचू शकते, तर ज्यांना त्याचाच पगार मिळतो त्यांना का वाचता येत नाही?

आमच्या शाळेत मुलांची तपासणी करणारं पथक येतं. दात बघतात, डोळे बघतात, उंची-वजन लिहितात. बीपीचा छोटा पट्टा मी आजवर त्यांच्या पेटीत पाहिलेला नाही. १९८६ मध्ये जे. जे. रुग्णालयात भेसळीच्या ग्लिसरीननं १४ माणसं गेली, न्यायमूर्ती लेंटिन यांचा चौकशी आयोग बसला. २०२५ मध्ये मध्य प्रदेशातल्या छिंदवाड्याची लेकरं खोकल्याच्या औषधानं किडन्या बंद पडून नागपुरात आणली गेली. औषध वेगळं, चूक वेगळी, पण दरवेळी जीव गेल्यावरच फाईल हलते. माझं वाचलं, म्हणून माझी फाईल बंद केलीत का?

मला चौकशीचा पूर्ण अहवाल हवा. आणि वजन केल्याशिवाय, लहान पट्ट्यानं मोजल्याशिवाय, किडनीच्या डॉक्टरांना फोन लावल्याशिवाय कुठल्याही मुलाला ही कॅप्सूल मिळणार नाही, असा सही-शिक्क्याचा कागद हवा. तो प्रत्येक तालुक्याच्या भिंतीवर लागलेला मला दिसला पाहिजे.

पुढच्या सोमवारी मी रजा टाकली आहे. मुलाला घेऊन मंत्रालयात येते. त्याचं वजन आता २३ किलो आहे.

आपली,
एक जिल्हा परिषद शिक्षिका